सात नंबरचं दूध

१

मंगळवार म्हणजे बाटल्यांचा दिवस. सकाळी नऊला जीप निघते, बारा थांब्यांवर थांबते, आणि मी प्रत्येक ठिकाणाहून मूठभर गवत, डबाभर माती, बाटलीभर पाणी आणि जिथे जनावर असेल तिथलं अर्धा लिटर दूध घेऊन परत येते. एकवीस वर्षं हेच करतेय. हे बाराही थांबे एका कुंपणाच्या कडेने आहेत आणि कुंपणाच्या आत पुरणजागा आहे. दवाखान्यांतली, कारखान्यांतली किरणोत्सारी मोडतोड पन्नास वर्षांपूर्वी काँक्रीटच्या खड्ड्यांत पुरून वर माती लोटली, ती जागा. ते गळतंय का, गवतात उतरतंय का, गाईच्या सडातून माणसाच्या पेल्यात येतंय का, एवढंच बघायचं माझं काम. लोक मला मीटरबाई म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणत असतील, माझं तोंडच तसं आहे.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. काउंटर कधीच गप्प बसत नाही. विटा बोलतात, सिमेंट बोलतं, आकाशातून थोडं येतं, आपल्या रक्तातसुद्धा थोडं असतं. माझा हातातला काउंटर कुठेही धरा, घरात, रस्त्यावर, झोपलेल्या मांजरावर, मिनिटाला वीस-बावीस वेळा टिक करणारच. त्याला आम्ही पार्श्वभूमी म्हणतो. नमुन्याच्या आकड्यातून रिकाम्या डब्याचा आकडा वजा करायचा, उरेल ते नमुन्याचं.

आणि वजाबाकी करून ऋण आकडा आला तर? तर रकान्यात 'मर्यादेखाली' लिहायचं. ऋण कसं छापणार, लोक हसतील. ही पद्धत मला माझ्या साहेबांनी शिकवली, मी नव्या पोरींना शिकवली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सात नंबरच्या थांब्यावर दोन वर्षं मी 'मर्यादेखाली' लिहीत होते. त्याच्या जोरावरच कुंपण हटवायचं ठरलं, आणि कुंपणाला लागून नव्या घरांची पहिली रांग उठली. त्या रांगेत तिसरं घर माझ्या धाकट्या बहिणीला मिळालं.

२

आधी दुधाचं सांगते.

नमुन्यांच्या फडताळात मागच्या बाजूला एक बाटली राहून गेली होती. चिठ्ठीवर माझंच अक्षर: थांबा सात, दूध, आणि तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. फ्रिजमध्ये नव्हे, फडताळात, तेही उन्हाच्या खिडकीखाली. मी नाकाला रुमाल लावला, मोरीजवळ उभी राहिले आणि झाकण फिरवलं.

वासच आला नाही. म्हणजे दुधाचा आला, ताज्या, नुकत्या काढलेल्या दुधाचा. वर साय नव्हती, तळाला गाठी नव्हत्या. बाटली वाकडी केली तर दूध काचेवरून सरळ घरंगळलं.

"कुणी बदललं का गं हे?" मी प्रयोगशाळेतल्या पोरींना विचारलं.

"आम्ही कशाला बदलू, बाई? तुमच्या बाटलीला हात लावायची कुणाची छाती आहे?"

खरं होतं ते. मी मनाची समजूत घातली. दूधवालीने काहीतरी टिकाऊ औषध घातलं असेल, हल्ली काय घालतील सांगता येत नाही. एका वाटीत थोडं ओतून ठेवलं, शेजारी आमच्या चहाचं दूध दुसऱ्या वाटीत. दुसऱ्या दिवशी चहाचं दूध फाटलं होतं. सात नंबरचं तसंच होतं, आणि त्यात एक चिलट पडलं होतं. बुडालं नव्हतं, हलतही नव्हतं. पाय पसरून, पंख उघडे ठेवून पृष्ठभागावर होतं. मी पेन्सिलीने उचललं तर पंख अजून ओलेच.

त्याच दुपारी फोन आला होता साहेबांचा, वरच्या मजल्यावरून. दाखला टाइप होऊन तयार आहे. जमीन मोकळी करायच्या दाखल्यावर रेडिएशन सेफ्टीवालीची सही लागते, म्हणजे माझी. "शुक्रवारपर्यंत करून टाका, बाई."

३

सही करायच्या आधी कच्च्या वह्या बघायच्या, ही माझी खोड. पक्क्या तक्त्यात 'मर्यादेखाली' असतं, कच्च्या वहीत खरा आकडा असतो. वजाबाकीच्या आधीचा.

रिकामा डबा आमच्याकडे तासाला साधारण बाराशे टिक देतो. सात नंबरचं दूध दोन वर्षांपूर्वी अकराशे ऐंशी. ठीक, होतं असं कधी कधी. पुढच्या महिन्यात अकराशे चाळीस. मग हजार. मग आठशे. माझ्याच हस्ताक्षरात, माझ्याच निळ्या पेनाने. गेल्या वर्षी तीनशे दहा. मग साठ. मग चौदा.

गेले अकरा आठवडे: शून्य. शून्य. शून्य.

मी ओळींवर बोट ठेवून परत वाचलं. रिकाम्या डब्यापेक्षा कमी? रिकामा डबा म्हणजे काहीच नाही. काहीच-नाहीपेक्षा कमी कसं असेल? आणि हे मी लिहिलं होतं! दर मंगळवारी वजाबाकी केली होती, ऋण बाराशे आलं होतं, आणि मान खाली घालून 'मर्यादेखाली' लिहून पुढच्या ओळीला गेले होते. गाढवीण नाहीतर काय. वाईट असेल तर जास्तच असेल, एवढंच आम्हाला शिकवलेलं. कमी कुणी बघतच नाही.

यंत्र बिघडलं असेल म्हणून नळी बदलली, बॅटरी बदलली, तपासणीची चकती ठेवून पाहिली. यंत्र खणखणीत. चकती उचलली आणि सात नंबरचं दूध ठेवलं. टिक थांबली. बाटली उचलेपर्यंत खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता.

४

दुसऱ्या दिवशी बुधवारीच जीप काढायला लावली. ड्रायव्हरकाकांनी भुवया वर केल्या.

"आज बुधवार, बाई."

"मला वार कळतात, काका. चला."

चकती प्रयोगशाळेबाहेर न्यायला बंदी आहे. म्हणून मी मिठाचं पाकीट घेतलं. रक्तदाबवाल्यांना डॉक्टर देतात ते वेगळं मीठ. त्यात थोडा किरणोत्सार निसर्गतःच असतो, खाल्ल्याने काही अपाय नाही, पण काउंटरला लगेच कळतं. पाकिटाजवळ धरला की मिनिटाला चाळीसच्या घरात जातो. जीपमध्ये मांडीवर पाकीट, वर काउंटर, आणि मी मोजत होते. पाच नंबरला एकोणचाळीस. सहा नंबरला तीस. सहाच्या पुढच्या वळणावर अकरा.

सात नंबरला काकांनी इंजिन बंद केलं आणि काउंटरही बंद पडल्यासारखा झाला. काटा पडलेला, दिवा चालू. मी तो हलवला, थापट्या मारल्या, कानाला लावला.

तिथे आणखीही काही ऐकू येत नव्हतं. मी इतकी वर्षं इथल्या तळ्याकाठी उतरतेय, बेडकांचा, किड्यांचा गोंगाट असतो. आता गवत होतं, हिरवंगार होतं, पण पायाखाली चुरचुरत नव्हतं. झाडाखाली पडलेलं एकही पान पिवळं नव्हतं.

"बाई," काका हळूच म्हणाले, "हा तोच आहे हो."

रस्त्यावर एक बेडूक चिरडलेला होता. दोन महिन्यांपूर्वी आमच्याच चाकाखाली आला होता, काकांनी तेव्हा देवाचं नाव घेऊन कान पकडले होते म्हणून माझ्या लक्षात. एव्हाना त्याची धूळही उरायला नको होती. तो ओला होता. लाल होता. त्याच्यावर एक मुंगी नव्हती.

तळ्याच्या पलीकडे, कुंपणापाशी, दोन बगळे, एक कुत्रं आणि दूधवालीची गाय शेजारी शेजारी उभी होती. चौघांची तोंडं आत, पुरणजागेकडे. मी टाळी वाजवली, ओरडले. कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही. गाईने मात्र हळूहळू मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत तिकडे केली. डोळ्यांवर ऊन पडलं होतं तरी तिने पापणी मिटली नाही.

"जळलं मेलं ते सगळं," काका म्हणाले. "चला परत."

पण तिथून शंभर पावलांवर माझी बहीण राहत होती.

५

आमचा अबोला होता. ती त्या रांगेत राहायला निघाली तेव्हा मी तिला नको नको ते बोलले होते. ती म्हणाली, "ताई, तूच तर लिहितेस की इथे काही नाही म्हणून!" त्यावर मी आणखीच बोलले. तिचा नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा येणारा. सातवा महिना लागला त्या आठवड्यात ती राहायला गेली. त्याला अकरा आठवडे झाले. दर मंगळवारी मी तिच्या दारावरून मान दुसरीकडे करून जात होते आणि थांब्यावर दोन मिनिटंही काढत नव्हते. मधे एकदा तिचा फोन आला तेव्हा म्हणाली, "सातवा चालू आहे." हिशेब माझाच चुकला असेल म्हटलं, मला कुठे अनुभव.

दार उघडंच होतं. बहीण, आमची छोटी, खिडकीशी खुर्चीत बसली होती, पोटावर हात ठेवून.

"ये ताई," ती म्हणाली. जणू मी कालच येऊन गेले होते. राग नाही, रडणं नाही. माझी छोटी तर नाकावर राग घेऊन जन्मलेली.

"कितवा आहे गं तुला?"

"सातवा."

"अकरा आठवड्यांपूर्वी सातवा होता!"

"हो का?" ती गोड हसली. "इथे कळतच नाही बघ. काही दुखत नाही, पाय सुजत नाहीत. पित्त नाही. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं."

तिच्या नखांवर लाल रंग होता. माझ्याकडून जाताना, भांडणाच्या आदल्या दिवशी, मीच लावून दिला होता. तो नखांच्या मुळापर्यंत होता, एक रेघभरही पुढे सरकला नव्हता. मी काउंटर तिच्या पोटाजवळ नेला. काही नाही. मग हात ठेवला.

"लाथ मारतो का?"

"झोपाळू आहे तो," छोटी म्हणाली. "फार शहाणा. हलतच नाही."

देवाशपथ सांगते, मी हात तसाच ठेवून वाट पाहिली, काहीही हललं नाही. एक मिनिटभर मलाही तिथे बरं वाटत होतं. गुडघ्यातली कळ गेली होती, एकवीस वर्षांची. बसावंसं वाटलं. समोर दुसरी खुर्ची होतीच.

आणि मग मला संताप आला. अस्सा संताप, की कानशिलं तापली. कशाच्या ताब्यात कोण आहे मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. पण हे लेकरू माझ्या आईच्या रक्तातलं, आमच्या घरचं. त्याने रडायचं, वाढायचं, गुडघे फोडायचे, म्हातारं व्हायचं. त्याला कुणी असं बरणीत ठेवल्यासारखं ठेवणार? माझ्या सहीने?

"ऊठ," मी म्हटलं.

"कशाला, ताई? थांब ना. दूध देते."

"तुझ्या दुधाला आग लागो! ऊठ म्हणते ना!"

ती उठेना, तेव्हा मी काखेत हात घालून तिला उठवली. एरवी भांडली असती, चावली असती. आता नुसती जड झाली होती. काका धावत आले. दोघांनी मिळून तिला जीपमध्ये घातली. निघताना मी मागे पाहिलं. रांगेतल्या सगळ्या दारांत माणसं येऊन उभी राहिली होती. एकीच्या हातात केरसुणी होती, अर्धवट उचललेली. कुणी विचारलं नाही, कुठे नेताय. कुणी हात हलवला नाही. सगळी फक्त बघत होती, आणि केरसुणी खाली आली नाही.

६

गुरुवारी सकाळी साहेब माझ्या खोलीत आले. मी दचकले, कारण ते आल्याचं कळलंच नव्हतं. आमच्या साहेबांचा खोकला अख्ख्या इमारतीला पाठ. जिन्यात पहिल्या पायरीला खोकायला लागायचे ते खुर्चीत टेकेपर्यंत. सहा महिन्यांपूर्वी लोकांचा विश्वास बसावा म्हणून ते कुंपणाजवळच्या विश्रामगृहात राहायला गेले होते. खोकला तेव्हापासून गेला. आम्ही म्हणायचो, हवा मानवली.

"दाखला, बाई."

"नाही करणार."

"आकडे तर उत्तम आहेत. शून्याहून चांगला आकडा कुठला?"

"साहेब, शून्य हा आकडाच नाही. तुम्हीच मला शिकवलंत, काउंटर गप्प बसला तर आधी काउंटरवर संशय घ्या. घेतला. काउंटर बरोबर आहे. ही घ्या कच्ची वही."

त्यांनी वही उघडली नाही. शांतपणे माझ्याकडे पाहत होते. तेव्हा मला त्यांच्या हनुवटीवरची जखम दिसली. दाढी करताना कापलेलं. लाल, ताजं, एक थेंब लोंबत राहिलेला. गेल्या महिन्याच्या बैठकीत मी त्यांना म्हटलं होतं, साहेब, रक्त पुसा. तोच थेंब होता. पडला नव्हता.

"माणसं घाबरून जगतात, बाई," ते म्हणाले. "आपण आयुष्यभर गळती शोधली. झीज, क्षय, मोडतोड. तिथे हे काहीच नाही. कुणाला काही होत नाही. तुम्ही कशापासून वाचवताय लोकांना?"

टेबलावर काउंटर चालू होता. ते आले तेव्हा वीसवर होता. मी डोळ्याच्या कडेने बघत होते. बारा. सात. मी खुर्ची मागे सरकवली.

"साहेब, एकदा हात ठेवा ना यावर. माझ्या समाधानासाठी."

ते हसले. हात मागे घेतला.

"सही मी दुसऱ्याकडून घेईन."

"घ्या. पण कच्च्या वहीची नक्कल मी प्रयोगशाळेतल्या सगळ्या पोरींकडे वाटलीय, आणि ज्या लोकांना दुसऱ्या रांगेत घरं मिळायचीत त्या सगळ्यांच्या दारात आज ती पोचेल. ऋण आकड्यांसकट. आणि दाखल्यावर मी लाल शाईने लिहिलंय, बघा: कुंपण हटवू नये. उलट शंभर मीटर मागे घ्यावं. खाली सही आहे. तीच माझी सही."

त्यांनी दाखला घडी करून खिशात ठेवला. मग गेले. जिन्यावरून उतरतानाही खोकले नाहीत. काउंटर परत वीसवर यायला पाच मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ मी टेबलाची कड घट्ट धरून बसले होते.

७

छोटी माझ्याकडे आहे. पहिले तीन दिवस ती खिडकीशी बसून होती, पुरणजागेच्या दिशेला तोंड करून, आणि "परत कधी जायचं?" एवढंच विचारायची. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी पोटावर नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या. "आवाज लागत नाहीये," म्हणाल्या. "मोठ्या दवाखान्यात न्या." नेलं. तिथे म्हणाले, बाळ सात महिन्यांचं, ठोके फार संथ, इतके संथ आम्ही पाहिले नाहीत, थांबून बघू. आम्ही थांबलो.

ती खोलीत आली की टिकटिक विरळ व्हायची. चार. पाच. मी रोज सकाळी तिच्या शेजारी काउंटर ठेवून मिनिटभर मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायची. माझ्या एकटीजवळ सतरा येत होता, पूर्वी वीस यायचा. म्हणजे त्या अर्ध्या तासात माझ्याकडूनही काही गेलं होतं. चौथ्या दिवशी छोटीजवळ सहा. पाचव्या दिवशीही सहाच. मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

सहाव्या दिवशी तिने माझ्या भाजीला नावं ठेवली. "खारट केलीस, ताई. तुझा हात म्हणजे ना!" मी जेवता जेवता उठले आणि तिच्या टाळूचा मुका घेतला. "वेड लागलंय का तुला?" ती खेकसली. मला एवढं गोड काही आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.

तिच्यासोबत जीपमधून एक बाटली आली होती, तिच्या स्वयंपाकघरातल्या दुधाची. काकांनी चुकून उचललेली. मी ती ओट्यावर उघडी ठेवली होती आणि रोज बघत होते. रोज पांढरं, ताजं, निर्लज्ज.

आज सकाळी छोटीच्या हाकेने धावत गेले. ती ओट्याशी उभी होती, नाक मुरडून.

"शी! काय घाण वास येतोय! ताई, हे दूध नासलंय गं!"

मी बाटली हातात घेतली. पिवळट पाणी, गाठी, आंबूस भपकारा. असा वास घेतला मी, जसं कुणी अत्तर हुंगतं. आणि छोटीने एकदम ओट्याची कड धरली.

"काय झालं?"

"मारली," ती म्हणाली. डोळे एवढे मोठे. "ताई, लाथ मारली त्याने! जोरात!"

मी तिथेच फरशीवर बसले, बाटलीसकट, आणि आम्ही दोघी हसत होतो की रडत होतो, शेजारणीला कळलं नसेल.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एकसारखी, सावकाश. खोकला नव्हता. मागच्या खोलीत काउंटर चालू होता. त्याचा आवाज मी ऐकत होते, आणि पावलं एकेक पायरी वर येत होती तसा तो विरळ होत होता. पंधरा. दहा. छोटीने माझा पदर धरला. तिला काही सांगायची गरज नव्हती.

बेल वाजली. मी साखळी लावली आणि दार चारच बोटं उघडलं. फटीतून नीट इस्त्री केलेली बाही दिसली, हातात दाखल्याची नवी प्रत, आणि हनुवटी. थेंब तिथेच होता. साहेबांच्या मागे जिन्यावर आणखी कुणी होतं का? होतं. केरसुणीचं टोक दिसलं मला. बाकी मी बघितलं नाही, बघणारही नाही.

"बाई," साहेब म्हणाले, "तिला घेऊन जायला आलोय. आणि तुमची सही."

माझे गुडघे दुखत होते. चांगले ठणकत होते, माझे स्वतःचे. मी दाराला खांदा लावला. पुढच्या बुधवारी मी जीप घेऊन त्या रांगेत जाणार आहे, वीस मिनिटांच्या वर थांबणार नाही, आणि एकेकाला उचलून आणणार आहे, केरसुणीवालीपासून सुरुवात करून. हे मी तेव्हाच ठरवलं. पण ते त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "आत या म्हटलं असतं. पण आमच्याकडचं दूध नासलंय. चहा काही मिळायचा नाही."

आणि दार लावून घेतलं.